एका शेंड्याची झाडं

१३ जानेवारी १८८४ या दिवशी बंगळूरच्या हवामान-नोंदीत ७.८ अंश सेल्सिअस हा आकडा चढला. तेव्हापासून जवळपास दीड शतक उलटत आलं, पण शहरातला पारा त्याखाली गेल्याची नोंद नाही. पेन्शनरांचं शहर, स्वेटरचं शहर, बारमाही गारव्याचं शहर अशी ज्याची ख्याती, त्या बंगळूरला पाणी गोठवणारी रात्र ठाऊकच नाही. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी इतिहासाला ओळखीचं असलेलं हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवर आहे. महाबळेश्वर त्याहून चारेकशे मीटर उंच. तिथे एखाद्या हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठावर पहाटे गवतावरचं दंव गोठून पांढरं होतं. माड, ताड, शिंदी, पोफळ यांच्या पाम कुळाच्या दृष्टीनं या दोन थंड्यांमधलं अंतर फार मोठं आहे. पहिल्या थंडीत झाड मंदावतं, दुसरीत मरू शकतं.

बंगळूरच्या लालबाग उद्यानाला लागून असलेल्या सिद्दापुऱ्यात ओळीनं नर्सऱ्या आहेत. तिथे पामचं रोप घेणारा माणूस बहुतेक वेळा उंची विचारतो, किंमत विचारतो आणि ऊन किती लागेल ते विचारतो. त्या झाडाच्या मूळ गावी हिवाळ्यातली रात्र कशी असते, हा प्रश्न क्वचितच येतो. खरं तर पामच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच असायला हवा. या कुळात अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या बहुसंख्य उष्ण कटिबंधातल्या असल्या, तरी काही बर्फात उभ्या राहतात, आणि काहींना तर गरम रात्रच सोसत नाही. जगभरातल्या बागवानांनी गेली पावणेदोनशे वर्षं या झाडांना थंडीकडे ढकलत नेलं. त्या खटाटोपातून जे कळलं, त्यातलं बरंचसं बंगळूरच्या कामाचं आहे, आणि नाशिक, पुणे, महाबळेश्वरच्याही.

आधी झाडाचं शरीर समजून घ्यायला हवं. आंबा, वड, कडुलिंब यांच्या सालीखाली पेशींचा एक जिवंत थर असतो. तो वर्षागणिक नवं लाकूड घालत जातो; फांदी तुटली तर शेजारून डोळा फुटतो. पाम गवताचे आणि केळीचे दूरचे भाऊबंद. त्यांना तो थर नाही. खोड एकदा जेवढं जाड झालं तेवढंच. बहुतेक जातींत एका खोडाला वाढीचा एकच बिंदू असतो, आणि तो पानांच्या देठांच्या गाभ्यात खोलवर दडलेला असतो. माडाचा शेंडा छाटला की माड संपला, हे कोकणातल्या पोरालाही माहीत असतं. थंडी नेमका हाच शेंडा गाठते.

कडाक्याच्या रात्रीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी बागवान एक परीक्षा करतात. मधलं, अजून न उलगडलेलं, सुरळीसारखं मिटलेलं पान चिमटीत धरून हलकेच वर ओढतात. ते घट्ट असेल तर जीव शाबूत आहे. ते अलगद निघून हातात आलं, बुडाशी तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाचं असलं, तर आत कुज सुरू झालेली आहे. बाहेरची पानं तेव्हाही हिरवीगार असू शकतात. माळ्याला वाटतं झाड वाचलं. तीन महिन्यांनी शेंडाच कलतो. याहून वाईट इजा खोडात होते. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या गोठून निकामी झाल्या तर पामला नव्या नळ्या करता येत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यातून वाचलेलं झाड दोन-तीन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात पाणी कमी पडून मरतं, आणि तेव्हा कुणाला त्या थंडीची आठवणही राहिलेली नसते.

एका शेंड्याच्या आणि अनेक डोळ्यांच्या झाडांतला फरक कळण्यासाठी बंगळूरच्या बागांना वळण देणाऱ्या एका माणसाच्या गावापर्यंत जाता येईल. गुस्ताफ क्रुंबिगेल हे जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळचे. पिल्निट्झ इथे त्यांनी बागकामाचं शिक्षण घेतलं, लंडनच्या क्यू बागेत काम केलं, मग १८९३ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात आले आणि तिथून पुढे १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात. लालबागेवर आणि बंगळूरच्या रस्त्यांवर त्यांचा ठसा आजही दिसतो. त्याच पिल्निट्झच्या राजवाड्यात १८०१ पासून जमिनीत उभं असलेलं कॅमेलियाचं एक झाड आहे, आणि दर हिवाळ्यात ते झाकावं लागतं. १९०५ च्या जानेवारीत त्याच्याभोवतीच्या लाकडी निवाऱ्याला आग लागली. विझवायला मारलेलं पाणी झाडावर गोठलं. पुढे ते झाड पुन्हा फुटलं आणि आज रुळांवर सरकणाऱ्या काचघरात फुलतं. कॅमेलिया म्हणून हे जमलं. त्या जागी माड किंवा ताड असता, तर फुटायला दुसरा डोळाच नव्हता.

थंडी म्हटली की शून्य अंश डोळ्यांसमोर येतो. पण माडाची अडचण त्याच्या खूप आधी सुरू होते. साधारण १५ अंशांच्या खाली त्याची वाढ थबकते. पोफळीला १४ ते ३६ अंश मानवतात आणि १० च्या खाली ती कष्टी होते. बंगळूरची जानेवारीतली सरासरी रात्र पंधरा-सोळा अंशांची. म्हणजे माड इथे त्याच्या सोयीच्या कडेवर उभा असतो. मरत नाही, धरतोही, पण हिवाळ्यात नवं पान सावकाश येतं. अशा काठावरच्या पठारावरही माडाची मोठी बागायत उभी राहते, याचा पुरावा मराठी स्वयंपाकघरातच आहे. बंगळूरच्या वायव्येला, तुमकुरू जिल्ह्यातलं तिपटूर समुद्रापासून दूर आणि आठशे मीटरहून उंच. तिथला माल म्हणजे गोटा खोबरं. पिकलेले नारळ माळ्यावर आठ-दहा महिने, कधी वर्षभर ठेवतात. आतलं पाणी आटतं, खोबरं करवंटीपासून सुटतं, आणि नारळ हलवला की गोटा आत खुळखुळतो. मग सोडण काढून, करवंटी फोडून तो अख्खा बाहेर काढतात. कांदा-खोबऱ्याच्या वाटणासाठी विळीवर खोबऱ्याची वाटी किसणाऱ्या घरांत हे पठारावरचं खोबरं पोचलेलं असतं. किनाऱ्याचं म्हणून ओळखलं जाणारं झाड उंचीवर आणि गारव्यात असं स्थिरावलं, ते शेतकऱ्यांनी त्या जागेची जात राखली म्हणून. ‘तिपटूर टॉल’ हे नाव त्यावरूनच पडलं.

आता गोठणाऱ्या थंडीकडे.

१८४३ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक चीनला गेला. चुसान बेटावर त्याला हिवाळ्यात ताठ उभा असलेला, पंख्यासारख्या पानांचा एक ताड दिसला. त्याच्या खोडाभोवती गोणपाटासारखी तंतूंची जाळी असते. तिथले शेतकरी ती सोलून तिचे दोर वळत, आणि पावसात पाठीवर घ्यायला त्याच तंतूंचे झगे करत. आपल्याकडच्या इरल्याचाच चिनी अवतार. फॉर्च्यूननं पाठवलेली रोपं १८४९ मध्ये क्यू बागेत पोचली. उघड्यावर लावलेलं रोप इंग्लंडच्या हिवाळ्यात तगलं, आणि युरोपातल्या बागवानीत एक नवी हौस सुरू झाली. शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. बाजारातलं नाव विंडमिल पाम. मोठं झाड उणे १५ अंशांच्या आसपासची छोटी थंडी सोसतं. स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात तर ते इतकं रुळलं, की पक्ष्यांनी बिया नेऊन जंगलांत त्याची रानं माजवली. सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. थंडीत पाम जगवण्याच्या खटाटोपाला हेही एक टोक आहे, आणि नवीन जात आणणाऱ्या प्रत्येकानं ते ध्यानात ठेवावं.

चीनच्या ताडाची ही कथा पामप्रेमींच्या जगात सर्वांना पाठ आहे. त्याची भारतातली भावंडं मात्र भारतातच अनोळखी राहिली.

कुमाऊंमध्ये, पिथोरागडच्या आसपासच्या डोंगरांत, दोन हजार मीटरच्या वर बांज ओकच्या ओलसर जंगलात एक ताड उगवतो. हिवाळ्यात त्याच्या पानांवर बर्फ साचतो. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन शास्त्रज्ञानं १९०५ मध्ये त्याला ट्रॅकिकार्पस टाकिल हे नाव दिलं, ते तिथल्या थाकिल डोंगरावरून. गावकरी त्याच्या तंतूंचे दोर करत आले, पानांचे झाडू करत आले. खासी टेकड्यांत दुसरा भाऊ आहे, ट्रॅकिकार्पस मार्शियानस. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे नाथानियल वॉलिच यांनी त्याची पहिली ओळख करून दिली आणि पामचे मोठे अभ्यासक मार्शियस यांचं नाव त्याला दिलं. तिसऱ्याची गोष्ट आणखी निराळी. दार्जिलिंगच्या ऑब्झर्वेटरी हिलवर विंडामिअर नावाचं जुनं हॉटेल आहे. तिथे वाढणारे ताड वेगळ्या जातीचे आहेत, हे वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी लागायला १९९७ साल उजाडलं. नाव ट्रॅकिकार्पस लॅटिसेक्टस, लोकांच्या तोंडी विंडामिअर पाम. रानात त्याची झाडं फार थोडी उरली आहेत. मणिपूरच्या उख्रूलवरून नाव मिळालेली आणखी एक जात २००६ मध्ये नोंदली गेली.

म्हणजे थंडी सोसणाऱ्या ताडांच्या या घराण्याचा मोठा हिस्सा हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत आहे. युरोपातले बागवान बियांसाठी तिकडे डोळे लावून बसतात. देशातल्या मैदानी आणि पठारी शहरांच्या बागांत मात्र ही झाडं जवळजवळ नाहीतच. बंगळूरचा विचार केला तर टाकिलपेक्षा खासीचा मार्शियानस आणि दार्जिलिंगचा लॅटिसेक्टस इथे जास्त मानवतील. दोघेही तुलनेनं कमी उंचीवरचे, त्यामुळे बंगळूरचा एप्रिल त्यांना टाकिलइतका जाचणार नाही. तरी दुपारच्या उन्हातली सावली आणि पाण्याचा चांगला निचरा त्यांना द्यावाच लागेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये या शहरानं ३९.२ अंशही पाहिले आहेत.

याच गारव्याचा दुसरा हक्कदार दक्षिणेतच आहे. केरळ-तामिळनाडूच्या सह्याद्रीत, हजार मीटरच्या वर, ढगांत बुडालेल्या कड्यांवर बेंटिंकिया कोंडापन्ना हा सडपातळ पाम वाढतो. त्याला दंव नको, पण गार रात्र हवी. अशी झाडं किनाऱ्यावर कुढतात आणि बर्फाच्या देशात गोठतात. त्यांना सोयीची अशी मोठी शहरं जगात थोडी आहेत. कोलंबियाचं राष्ट्रीय झाड असलेला, अँडीज पर्वतात साठ मीटरपर्यंत चढणारा मेणाचा पामही याच वृत्तीचा: रात्र गरम झाली की त्याचं बिनसतं. उष्ण देशातल्या थंड शहराची ही दुर्मीळ जागा बंगळूरकडे आहे, आणि ती मेक्सिको-मादागास्करच्या पामांच्या कुंड्यांनीच भरून टाकली तर ती वाया जाईल, असं म्हणायला हवं.

थंडी सोसण्याच्या आकड्यांवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९६० मध्ये देशाचे पट्टे पाडले. प्रत्येक पट्टा वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या सरासरीवर बेतलेला. रोपांच्या चिठ्ठ्यांवर आज जगभर हे पट्ट्यांचे क्रमांक छापतात. पण थंडी किती तास टिकली, तेव्हा शेंड्यात पाणी होतं का, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं का आणि उन्हाळा किती कडक होता, यातलं काहीच त्या क्रमांकातून कळत नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागातला काटेरी नीडल पाम उणे २० अंशांतूनही वाचतो. त्याचा गाभा जमिनीलगत, काट्यांच्या गच्च वेढ्यात असतो. शेजारचा बुटका सॅबल तर खोडच जमिनीत ठेवतो. तरी हे दोघे इंग्लंडमध्ये रडतखडत वाढतात, कारण त्यांना तापलेला उन्हाळा लागतो आणि तिथला उन्हाळा कोमट. उलट चिनी विंडमिल पाम त्याच कोमट उन्हाळ्यावर खूश.

२०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये या साऱ्याची एकदम परीक्षा झाली. ह्यूस्टन, सॅन अँटोनियो, डॅलस ही मराठी मंडळांमुळे इकडच्या वाचकालाही नावानं ओळखीची शहरं. ह्यूस्टनला पारा उणे १० च्याही खाली गेला, डॅलसला उणे १९ पर्यंत. थंडी काही दिवस हललीच नाही. रस्तोरस्ती लावलेले उंच वॉशिंग्टोनिया पाम शेकड्यांनी मेले. बुटक्या सॅबलला आणि नीडल पामला फारसं काही झालं नाही. ‘आमच्याकडे वीस वर्षं काही झालं नव्हतं’ हा अनुभव अशा एका आठवड्यात खोटा ठरतो. पाम शंभर वर्षं जगण्याच्या तयारीनं लावायचा असतो, म्हणून त्याची निवड सरासरी हिवाळ्यावर न करता आठवणीतल्या सर्वांत वाईट हिवाळ्यावर करावी. निफाडसारख्या ठिकाणी, जिथे एखाद्या वर्षी पारा पाचाच्या खाली जातो आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, तिथे माडाच्या चार रोपांचा हट्ट धरणाऱ्यानं हे आधी तपासावं.

पाम आणि थंडी यांचं वैर इतकं जुनं आणि पक्कं आहे, की भूशास्त्रज्ञ त्याचा मोजपट्टीसारखा उपयोग करतात. जिथे पामचे जीवाश्म, तिथे एके काळी कडक हिवाळा नव्हता. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळातून काढलेल्या गाळात पामचे परागकण मिळाल्याचं २०१२ मध्ये जाहीर झालं, सुमारे ५.३ कोटी वर्षांपूर्वी त्या खंडाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातही दंव गोठत नसावं, असा त्याचा अर्थ. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळातही पामची दगड झालेली खोडं सापडतात. विदर्भाच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या घुघुआ इथे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या अशा खोडांचं उद्यानच आहे. कापलेल्या दगडावर ठिपके ठिपके दिसतात. एकेक ठिपका म्हणजे पाणी नेणाऱ्या नळ्यांचा एक जुडगा, आजच्या माडाच्या ओंडक्यावर दिसतो तसाच. सह्याद्रीचा काळा दगड थर-थर रचला जात होता, तेव्हाही ही झाडं एकाच शेंड्यावर जगत होती.

इतकी लांबची पाहणी करताना जवळचं झाड नजरेतून सुटतं. ते झाड म्हणजे शिंदी.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी महाराष्ट्रात नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात. ती केरसुणी शिंदीच्या पानांची. पातींची टोकं काट्यासारखी टणक; ती वाळवून, चिरून, बुडाशी घट्ट बांधून मूठ तयार होते. नवी केरसुणी हातात घेतली की तिला वाळल्या गवताचा वास येतो आणि मुठीपाशी बोट फिरवलं तर कडक धारा लागतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या हातांना या झाडाची जितकी ओळख आहे, तितकी कुठल्या उद्यानशास्त्राच्या पुस्तकाला नसेल. बंगळूरभोवती हेच झाड ‘ईचलु’ म्हणून तळ्यांच्या बांधांवर, ओढ्यांच्या काठी उभं असतं. शास्त्रीय नाव फीनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हे ‘सिल्व्हेस्टर पाम’ म्हणून बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या दारात मानानं लावतात. त्याचं एक कारण दिसणं: करड्या खोडावर देठांच्या खुणांची नक्षी आणि वर निळसर पानांचा गच्च झुपका. दुसरं कारण थंडी. जुनं झाड उणे सात-आठ अंशांची छोटी थंडी अंगावर घेतं. पंजाबपासून कर्नाटकापर्यंत, कडाक्यात आणि रखरखाटातही ते उभं राहतं, कुणी पाणी घातलं नाही तरी.

आणि या झाडाचा हंगामच मुळी हिवाळा आहे. बंगालात कार्तिक-मार्गशीर्षापासून शिंदीच्या शेंड्याखाली छेद देऊन, रात्री मडकं बांधून रस उतरवतात. थंडी वाढली की रस आंबायला वेळ लागतो, तो गोड आणि नितळ राहतो, आणि त्यापासून ‘नोलेन गूळ’ होतो. उन्हाळा लागला की तो हंगाम संपला. महाराष्ट्रात शिंदीच्या रसाची आठवण नीरा आणि ताडीपुरती उरली, त्यामुळे झाडाच्या वाट्याला उगीच बदनामी आली. बंगळूरच्या नव्या वसाहतींच्या फाटकाशी क्रेननं आणून उभे केलेले परदेशी खजूर पाहिले, की दोन मैलांवरच्या तळ्याच्या बांधावर त्यांचीच सख्खी बहीण फुकट उभी आहे हे सांगावंसं वाटतं.

सह्याद्रीतला दुसरा उमेदवार भेर्ली माड, म्हणजेच सुरमाड. त्याच्या पानाच्या पाती माशाच्या शेपटीसारख्या. कोकणात मांडवाच्या सजावटीला त्याच्या झावळ्या हमखास लागतात. डोंगरउतारावरच्या गारव्याची त्याला सवय आहे, हलकं दंव तो सोसतो. एक गोष्ट मात्र लावण्याआधीच माहीत असावी: हा माड फुलायला लागला की वरून खाली अशा त्याच्या पोया येत जातात, आणि शेवटची पोय फळली की झाड मरतं. रस्त्यालगत शंभर वर्षांची रांग हवी असेल तर हे झाड नको. बागेच्या कोपऱ्यात, जिथे एक गेला तर दुसरा लावता येईल, तिथे याच्याइतकं देखणं झाड शोधून सापडणार नाही. फळांच्या गरानं हात खाजतात. मुलांना सांगून ठेवावं.

बंगळूरमध्ये पाम मरतात ते बहुधा थंडीनं नव्हे. जून ते सप्टेंबरच्या गार पावसात शेंड्यात पाणी साचतं, बुरशी आत शिरते आणि कोंब कुजतो. पोफळीच्या बागा असलेल्या कोकणी माणसाला कोळेरोग माहीत असतो. ही त्याच बुरशीच्या घराण्यातली. इलाजही जुनाच: कुजका भाग स्वच्छ कापून काढायचा, बोर्डो पेस्ट लावायची आणि नवा कोंब दिसेपर्यंत पाऊस आत जाणार नाही असं झाकायचं. स्कॉटलंडमधला बागवान बर्फानं मार खाल्लेल्या विंडमिल पामवर तांब्याचं औषध ओततो, त्याच तत्त्वावर. दुसरा शत्रू सोंड्या भुंगा. हा मूळचा आशियातला किडा १९९० च्या दशकात स्पेनला पोचला आणि भूमध्य समुद्राकाठचे कॅनरी खजूर त्यानं खोडातून पोखरून टाकले. झावळी कापल्याची किंवा खोडाला खरचटल्याची ताजी जखम त्याला वासानं बोलावते. म्हणून हिरवी झावळी शोभेसाठी छाटू नये. वाळून लोंबकळू लागली की मगच काढावी.

लावणीची वेळ साधली तर अर्धं काम झालं. पामची मुळं जमीन उबदार असताना धावतात; थंड जमिनीत ती नुसती बसून राहतात आणि अन्नही उचलत नाहीत, त्यामुळे हिवाळ्यात नवी पानं पिवळी, आखूड किंवा मुरडलेली येतात. बंगळूरला मे-अखेरीपासून जुलैपर्यंतचे दिवस लावणीला उत्तम. हिवाळी सोहळ्यांच्या तारखा गाठण्यासाठी डिसेंबरात केलेली लागवड पुढचे तीन महिने तशीच ताटकळते. मोठी झाडं उपटून आणताना जातीचा स्वभाव पाहावा लागतो. माडाची तोडलेली निम्मी मुळं तरी पुन्हा फुटतात; सॅबलची तोडलेली जवळपास सगळी मुळं मरतात आणि त्याला बुंध्यातून नवी मुळं काढावी लागतात. अशा झाडाची बरीचशी पानं उतरवूनच ते हलवतात. रोप लहान घेतलं तर यातलं काहीच करावं लागत नाही. चार वर्षांत ते क्रेननं आणलेल्या झाडाला गाठतं, हे अनुभवी माळी सांगतात, आणि त्यांचं ऐकावं.

महाबळेश्वर-पाचगणीला किंवा ऊटीला ज्यांची घरं आहेत, त्यांच्यासाठी नियम थोडे वेगळे. तिथे दंव गोठतं ते उघड्या, सखल जागी. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगटात साचते. उताराच्या मधल्या टप्प्यावर, भिंतीच्या आडोशाला, मोठ्या झाडाच्या पसरट छत्राखाली तोच पाम सुखरूप राहतो. कोवळ्या रोपाची पानं कडाक्याच्या रात्री सैल बांधून वर गोणपाट टाकतात आणि सकाळी काढतात. प्लास्टिक नको: त्याखाली ओल कोंडते आणि जिथे ते पानाला चिकटतं तिथेच पान करपतं. बुडाशी वीतभर पालापाचोळा असला की जमीन उबदार राहते. इटलीतल्या पादुआच्या उद्यानात १५८५ मध्ये लावलेला बुटका पाम अशाच निगराणीनं, पुढे काचघरात, आजवर जगला आहे. १७८६ मध्ये जर्मन कवी गोएटे तो पाहून गेला, म्हणून त्याला गोएटेचा पाम म्हणतात.

लालबागेत १८८९ मध्ये काचघराची पायाभरणी झाली. वर्षातून दोनदा तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं आणि शहर लोटतं. त्याच आवारात, जुन्या खडकाच्या उताराला, खासीचा मार्शियानस, दार्जिलिंगचा लॅटिसेक्टस, सह्याद्रीचा बेंटिंकिया आणि गावची शिंदी अशी ओळ लावता येण्यासारखी आहे. शिंदीच्या बिया जमवायला तर बंगळूरबाहेर पडायलाही नको. उन्हाळ्याच्या अखेरीस नारिंगी-तांबूस फळांचे घोस बांधावर गळतात. गर धुऊन काढावा, बी दोन दिवस पाण्यात भिजवावी आणि खोल पिशवीत पेरावी, कारण पहिलं मूळ सरळ खाली जातं आणि उथळ कुंडीत ते वेटोळं होतं. पहिली एक-दोन वर्षं साध्या गवतासारखी पात दिसते. माळ्याला आधीच सांगून ठेवलं नाही तर निंदणीत ती उपटली जाते. देठाच्या बुडाशी बोटभर काटे येतात, म्हणून पायवाटेपासून तीन-चार हात आत लावावी.